पहाऱ्याची पात

त्या वर्षी गव्हाने सगळ्यांचीच पंचाईत केली. एरवी शेतं कशी रांगेने पिकायची. ओढ्याकाठची आधी, माळावरची मागाहून, म्हणजे कापणाऱ्यांना एकातून दुसऱ्यात जायला उसंत मिळायची. या वेळी उन्हाने अशी काही घाई केली की सगळी शेतं एकदमच पिवळी झाली, आणि त्यात रोज संध्याकाळी पश्चिमेला ढग येऊन बसायला लागले. ढग नुसते बसत, बरसत नसत. पण गहू शेतात उभा असताना तेवढीही धास्ती पुरते. माणसं येताजाता मान वर करायची आणि पुढे जायची.

कापणी सावडीने व्हायची. प्रत्येक घराने एक विळा द्यायचा, सगळ्यांनी मिळून आज याचं शेत कापायचं, उद्या त्याचं, आणि कुणी कुणाकडे मजुरी मागायची नाही. शेतात शिरताना प्रत्येक घराच्या वाट्याला एक पट्टा यायचा, त्याला पात म्हणत. एकदा धरलेली पात पलीकडच्या बांधापर्यंत न्यायचीच. मध्येच टाकली तर त्या घराची पाळी सगळ्यांच्या शेवटी जायची. नियम एवढाच होता. तो कुठे लिहिलेला नव्हता, म्हणून कुणाला खोडताही येत नव्हता.

बांधाकडची पहिली पात ज्याची, तो मोरक्या. त्याच्या चालीने बाकीच्यांनी चालायचं. ज्या म्हाताऱ्याची ही गोष्ट आहे तो इतकी वर्षं मोरक्या होता की त्याचं खरं नाव घरच्यांनासुद्धा जरा थांबून आठवावं लागे. कमरेत वाकलेला, मिशा धुळीने भरलेल्या, आणि तोंडात एकच वाक्य, "अजून एक हात." कुणी पाणी मागितलं, अजून एक हात. कुणाची पाठ धरली, अजून एक हात. पात चालू असताना खाली बसलेला मोरक्या कुणी पाहिला नव्हता, आणि ही गोष्ट लोकांच्या लक्षात आली नसेल तर तो स्वतः आणून देत असे.

गेल्या सालापासून मात्र गुडघ्यांनी दगा दिला होता. सकाळभर तो कुणालाही हटला नसता, पण दिवसभर पात ओढणं त्याच्याच्याने होत नव्हतं. पाती वाटून घ्यायला मंडळी मापाड्याच्या अंगणात जमली तेव्हा हे सगळ्यांना ठाऊक होतं. मापाडी त्याचा शेजारी. बाजारात धान्य मापायचं काम करून करून माणसंही आपल्याला मापता येतात अशी त्याची समजूत झाली होती. त्याने सगळ्यांना चहा दिला, इकडचं तिकडचं बोलला, आणि मग कप खाली ठेवत म्हणाला, "मोरक्या, तुझं शेत शेवटी. वाईट वाटून घेऊ नकोस. गेल्या साली तुझ्या फौजीने माझ्याच शेतात अर्धी पात टाकली आणि बांधावर जाऊन आडवा झाला. धडधाकट माणूस. सोंग म्हणत नाही मी. पण सावडीला विळा लागतो, बाबा, पदकं नाही लागत."

कुणीतरी हसू दाबलं. मोरक्याला ते ऐकू आलं. मापाडी जे बोलला तेच तो स्वतः घरात वर्षभर बोलत आला होता. तो उठला आणि घरी आला. वाटेत त्याने दोनदा आभाळाकडे बघितलं. शेवटची पाळी म्हणजे गहू झडून नाहीतर भिजून जाणार, हे सांगायला मापाडी लागत नव्हता.

फौजी त्याचा एकुलता एक मुलगा. कोरड्या, वाळूच्या मुलखातल्या लढाईवरून तो परतला तेव्हा बापाची छाती अंगरख्यात मावत नव्हती. पोरगा ताठ, काळवंडलेला, डोळ्यांत चमक असलेला. पेटलेल्या तेलाच्या धुरात दिवसच्या दिवस काढले, विषारी वायू आला तर म्हणून गोळ्या गिळल्या, तंबूत किड्यांसाठी कसलेकसले फवारे मारून घेतले, हे तो गमतीने सांगायचा. पहिल्या वर्षी त्याने बापाच्या तोडीने पात ओढली. मग काय झालं ते कुणालाच कळलं नाही. तो काम सुरू करायचा तेव्हा विळा नुसता नाचायचा. संध्याकाळी ठीक असायचा. दुसऱ्या दिवशी सकाळी मात्र अंथरुणातून हात उचलवत नसे, डोकं भरून यायचं, पिंढऱ्या ठणकायच्या, समोरच्याचं बोलणं समजायला वेळ लागायचा. हे पुढे कित्येक दिवस चालायचं. मग पुन्हा एक दिवस तो उठायचा, राहिलेलं सगळं काम एकाच दिवसात उरकायला जायचा, आणि पुन्हा पडायचा.

बरेच डॉक्टर झाले. रक्त उत्तम, हृदय उत्तम, फुप्फुसं उत्तम. शेवटच्याने खांद्यावर हात ठेवून सांगितलं की हे मनाचं आहे, लढाई पाहिलेल्या माणसाला होतं असं. मोरक्याने त्यातून आपल्याला हवं ते घेतलं. मनाचं आहे म्हणजे मनावर घेतलं की जाईल. तेव्हापासून रोज सकाळी तो मुलाच्या दाराशी उभा राहून एकच शब्द बोलायचा, "ऊठ." ओरडून नाही, पण शेजारी ऐकू जाईल इतपत. आपण पोराला उठवतो आहोत हे जगाला कळावं अशी त्याची इच्छा होती.

सुनेला या शब्दाचा तिटकारा होता. ती बोलायला फटकळ, पण सासऱ्याशी आवाज चढवायची नाही. मोरक्या "ऊठ" म्हणाला की ती आतून भांडं जरा जोरात ठेवायची. त्या आवाजावरून मोरक्याला तिचं उत्तर कळायचं.

मापाड्याच्या अंगणातून आल्यावर त्याने काय घडलं ते घरात सांगितलं, आणि शहरातल्या फौजेच्या रुग्णालयाचा विषय निघाला. तिथल्या डॉक्टरीणबाईंनी त्या लढाईवरून आलेल्या, कारण न सापडता आजारी असलेल्या जवानांची तपासणी चालवली होती. फौजीच्या तुकडीतले काहीजण जाऊन आले होते. सून कधीची मागे लागली होती आणि फौजी टाळत होता. आता मोरक्यानेच ठरवलं. तपासणी म्हटल्यावर त्याला एकच तपासणी माहीत होती, ती भरतीची. छाती मापतात, पळायला लावतात, आणि पास किंवा नापास करतात. पोरगा पास झाला की तोच निकाल मापाड्याच्या तोंडावर मारायचा, असा त्याचा बेत होता.

मग तयारी सुरू झाली. फौजीने कुठल्याही कामाला हात लावायचा नाही असा हुकूम निघाला. मोरक्या स्वतः तेल गरम करून मुलाच्या पिंढऱ्या चोळायला बसायचा. दूध, अंडी, जे बळ देतं म्हणून ऐकलं होतं ते सगळं आलं. नवल म्हणजे फौजीही कानकोंडा न होता पडून राहिला. त्यालाही पास व्हायचं होतं. इतक्या वर्षांत कुणी त्याचा कस बघायला म्हणून बोलावलं नव्हतं. निघायच्या दिवशी त्याने दाढी केली, बूट पुसले आणि असा चालत निघाला की सून मागून बघतच राहिली.

रुग्णालयात त्याला एका पांढऱ्या नळीसारख्या यंत्रात पाय घालून निजवलं. तळव्याखाली एक पायटा होता. आतून ठोका पडला की तो दाबायचा. मोरक्या आणि सून काचेच्या अलीकडे बसली होती. ठोका पडे, पाय दाबे. डॉक्टरीणबाई हळूहळू जोर वाढवत होत्या. फौजीचा चेहरा मोरक्याला आणि सुनेला दिसत नव्हता, पण पाऊल दिसत होतं, आणि ते पाऊल चुकत नव्हतं. मोरक्याचे ओठ आपोआप हलायला लागले. अजून एक हात. अजून एक हात. सुनेने त्याच्याकडे पाहिलं आणि पदर तोंडाला लावला, हसू आवरायला की रडू, ते तिलाही सांगता आलं नसतं.

मग ठोके थांबले, पाय स्थिर झाला, पण फौजीला काही उठू देईनात. यंत्र गुरगुरत राहिलं. आता कसली वाट बघताहेत, मोरक्याला कळेना. काम झालं की घरी सोडायला हवं.

डॉक्टरीणबाई बाहेर आल्या तेव्हा त्याने विचारलं, "पास ना?"

बाईंनी खुर्ची ओढली आणि त्याच्यासमोर बसल्या. "बाबा, दाबायची ताकद त्यांच्यात भरपूर आहे. ती आम्ही तपासतच नव्हतो. आम्ही बघत होतो ती दाबणं थांबल्यानंतरची वेळ."

बाईंनी समजावून सांगितलं ते असं. अंगाच्या प्रत्येक पेशीत बारीक बारीक कण असतात, मायटोकॉन्ड्रिया म्हणतात त्यांना. खाल्लेल्या अन्नातून आणि घेतलेल्या श्वासातून ताकद तयार करायचं काम त्यांचं. शेतावर विहीर आहे का, असं त्यांनी विचारलं. आहे म्हटल्यावर म्हणाल्या, विहीर उपसली की झरे ती पुन्हा भरतात. निरोगी माणसाच्या पायाची विहीर चटकन भरते. यांच्या पायाला त्याच्या दुपटीच्या जवळपास वेळ लागला. पाणी काढायचा जोर आहे, पण झरे मंद झाले आहेत. त्याच लढाईवरून आलेल्या बऱ्याच जवानांत हेच दिसलं आहे. धुराने झालं, गोळ्यांनी झालं की फवाऱ्यांनी, ते छातीठोकपणे सांगता येत नाही. बरं करणारं औषध आज हातात नाही, खोटी आशा लावणार नाही. "पण एक सांगते, हे मनाचं नाही, आणि आळस तर नाहीच. उलट विहीर कोरडी पडल्यावरही हे उपसत राहतात, म्हणून दुसऱ्या दिवशी पडतात. दमल्यावर थांबायचं नाही. दमायच्या आधी थांबायचं. यांना ते जमलं पाहिजे, आणि तुम्हाला बघवलं पाहिजे."

शेवटचं वाक्य त्यांनी मोरक्याकडे बघून म्हटलं. तो जमिनीकडे बघत होता. रोज सकाळी दाराशी उभं राहून म्हटलेले सगळे "ऊठ" एकदम त्याच्या कानात गोळा झाले, आणि त्याला आपलीच लाज वाटली. पण लाजेच्या मागोमाग दुसरंही काहीतरी वर येत होतं आणि ते त्याला आवरेना. म्हणजे गेल्या वर्षी मापाड्याच्या शेतात पोराने अर्धी पात कापली ती कोरड्या विहिरीवर. कुठून काढली त्याने ती? परतीच्या प्रवासात फौजी खिडकीला डोकं टेकून झोपला होता. मोरक्या त्याच्याकडे बघत राहिला. सुनेला वाटलं सासरे रडताहेत, पण तो मिशीला पीळ देत होता.

उपाय फौजीनेच काढला. येऊन दोन-तीन दिवस तो पडून होता, मग एका दुपारी ओसरीवर बसून त्याने विचारलं, "बाबा, नियम काय आहे नेमका? पात एकाच माणसाने धरायची, असं आहे का?"

"पात थांबता कामा नये, असं आहे."

"मग पहाऱ्यासारखी धरू. फौजेत चौकी एका माणसाची नसते. एकजण उतरतो, दुसरा चढतो, चौकी कधी रिकामी नसते. एक विळा, आपण तिघं."

सून लगेच म्हणाली की आपण विळा धरू, त्यात काय. मोरक्याला ते गिळायला जड गेलं. पहिल्या पातीवर तीन तीन माणसांनी आलटून पालटून वाकायचं म्हणजे जगाला सांगणंच की या घरात एक पुरा माणूस नाही. त्याने ती दुपार गोठ्यात उगाच झाडलोट करण्यात घालवली. संध्याकाळी ढग येऊन बसले, तेव्हा तो पागोटं बांधून मापाड्याकडे गेला. पाठोपाठ बाकीचेही जमले.

मापाड्याने ऐकून घेतलं आणि भुवया उंचावल्या. म्हणाला, ही तर पोरीबाळींच्या खेळासारखी गंमत झाली. मोरक्याने त्याला बोलू दिलं. मग तो हळू आवाजात म्हणाला, "गेल्या साली माझ्या मुलाने तुझ्या शेतात अर्धी पात कापली. तुमच्या कुणाच्याही पुऱ्या पातीपेक्षा ती मोठी होती. हे मला उशिरा कळलं. तुम्हालाही कळेल, घाई नाही. पात थांबली तर मला सावडीतून काढा."

मापाड्याने बराच विचार करून मापून अट घातली. पहिल्या दिवशी त्याचं शेत. पात बांधापर्यंत गेली, तर दुसऱ्या दिवशी मोरक्याचं. पण दुसऱ्या दिवशीही विळा फौजीच्या हातात दिसला पाहिजे, एक दिवस काय कुणीही मरमर करतो. मोरक्याने मान हलवली. घरी येताना त्याची मान ताठ होती.

कापणीच्या दिवशी दव सुकायच्या आत सगळे पातींवर उभे राहिले. पहिला पहारा मोरक्याचा. त्याने चाल धरली आणि शेत सरसर आवाज करायला लागलं. मग विळा सुनेकडे गेला. ती वाकली तेव्हा दोनचार माना वळल्या, पण तिने मुठी भरून कापायला सुरुवात केली आणि माना परत आपापल्या पातीत गेल्या, कारण मागे पडायची पाळी त्यांच्यावर आली होती. मग फौजी. ठरल्याप्रमाणे त्याने थोडं कापलं, पेंढ्या बांधल्या, विळा बापाकडे दिला आणि बाभळीच्या सावलीत जाऊन पाठ टेकून पडला. अंगात पुरती ताकद असताना, घामाचा थेंब न येता, सगळ्यांच्या डोळ्यांदेखत. सगळ्यात जड काम तेच होतं. मोरक्याने लोकांच्या नजरा तिकडे जाताना पाहिल्या आणि त्या प्रत्येक नजरेसरशी विळा जरा जोरात ओढला.

ऊन कलायला लागलं तशी गंमत झाली. सगळ्यांच्या कमरा भरून आल्या, चाल मंदावली, आणि पहिली पात पुढे निघाली. विळा फौजीच्या हातात होता. त्याच्याही ते लक्षात आलं. समोर बांध दिसत होता. त्याने वेग घेतला. विळा नाचायला लागला, तोच जुना, लढाईवरून आल्या वर्षीचा हात. कुणीतरी शीळ घातली. पलीकडच्या पातीवरून एकाने हाक दिली, "फौजी, ने आता बांधाला." दुसऱ्याने री ओढली. मापाडीसुद्धा वाकलेला सरळ होऊन बघत राहिला.

मोरक्या कडेला उभा होता. त्याची छाती भरून आली. या क्षणासाठी तो किती वर्षं झुरला होता. पोरगा पुढे, सगळं शेत मागे, आणि सगळ्यांच्या तोंडात त्याचं नाव. थोडंच राहिलं होतं. जिभेच्या टोकावर आपोआप ते वाक्य आलं, अजून एक हात. तोंड उघडलंही त्याने. मग त्याला मुलाची मान दिसली. शिरा ताठ झाल्या होत्या, कानाची पाळी पांढरी पडली होती, आणि मोरक्याला यंत्रातलं ते न चुकणारं पाऊल आठवलं.

"पहारा बदल," तो म्हणाला.

फौजीने ऐकलं नाही, किंवा ऐकून न ऐकल्यासारखं केलं. "बाबा, आलंच की. मला काही होत नाहीये."

"म्हणूनच."

मोरक्या पातीत शिरला, मुलाच्या मनगटावर हात ठेवला आणि विळा सोडवून सुनेकडे दिला. फौजी तिथेच उभा राहिला. त्याचा चेहरा असा झाला की बापाला बघवेना. सावलीपर्यंत चालत जायचं, तेही आत्ता, सगळे बघत असताना, हे त्याच्याने होणार नव्हतं. आणि मोरक्याला ते कळलं, कारण त्याच्याच्यानेही झालं नसतं.

म्हणून मोरक्या खाली बसला. तिथेच, पहिल्या पातीच्या मधोमध, कापलेल्या धसांवर फतकल मारून, पात चालू असताना. त्याने पागोटं काढून मांडीवर ठेवलं आणि शेजारची जमीन थोपटली. फौजी बापाकडे बघत राहिला, मग तोही बसला.

शेतात विळ्यांचा आवाज क्षणभर थांबला. मोरक्याला बसलेला बघणं ही काही रोजची गोष्ट नव्हती. एकटा विळा चालू होता तो सुनेचा. तिने वळूनसुद्धा पाहिलं नाही. ती बांधाकडे कापत निघाली होती, आणि तिला गाठायचं तर बाकीच्यांना वाकावंच लागलं. मापाडी सगळ्यात आधी वाकला.

ती पात पहिली बांधाला लागली. सुनेने शेवटची पेंढी बांधली, विळा कमरेला खोचला आणि येऊन दोघांना पाणी दिलं. संध्याकाळी ढग आले, बसले आणि तसेच निघून गेले.

रात्री मोरक्याला झोप लागली नाही, पण ते जाऊ दे. खरी परीक्षा सकाळची होती आणि घरात ती बोलून दाखवायचं धाडस कुणी केलं नाही. उजाडताच तो ओसरीवर विळ्याला धार लावायला बसला. धार कालच लावून झाली होती. मुलाचं दार बंद होतं. इतक्या वर्षांची सवय, पाय आपोआप दाराकडे जाऊ बघत होते. त्याने ते पोटाशी घेतले आणि दगडावर पाणी शिंपडलं. आतून भांड्याचा आवाज आला, हलका, जपून ठेवल्यासारखा. मापाडी कुंपणापलीकडून जाताना रेंगाळला. त्याच्या खांद्यावर विळा होता आणि नजर त्याच दाराकडे होती. मोरक्याने त्याला राम राम घातला आणि मान खाली घालून धार लावत राहिला.

कडी वाजली. फौजी बाहेर आला, भिंतीला न धरता. डोळे झोपेने जड होते, पिंढऱ्या जरा ओढत होत्या, पण तो उभा होता. त्याने आधी कुंपणापलीकडे पाहिलं आणि मग बापाकडे हात पुढे केला. "माझा विळा?"

एवढा अभिमान मोरक्याला लढाईवरून आलेल्या मुलाचाही वाटला नव्हता. त्याने विळा आपल्या मांडीखाली सरकवला आणि ओसरीवरची जागा हाताने पुसली. मग बोलला ते शेजारी ऐकू जाईल इतपत.

"बस जरा. पहिला पहारा माझा आहे."